गाडीची तपासणी होते, कमरेची कधी?

पौड रस्त्यावरच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर सकाळी थांबा, एक गोष्ट हमखास दिसेल. डंपर कडेला लागतो, दार उघडते, पण चालक लगेच खाली उतरत नाही. आधी एक हात दाराला, दुसरा कमरेला, मग सावकाश एक पाय जमिनीवर. वय विचारले तर पस्तिशीच्या आत. काय होतंय विचारले तर उत्तर ठरलेले, "काही नाही, गाडीचं दुखणं आहे." त्यावर उपाय मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी आणि कमरेचा पट्टा.

आमच्या मते या चालकाने स्वतःच्या आजाराचे कारण अगदी बरोबर सांगितले आहे. चूक एवढीच की "काही नाही" असे तो म्हणतो आणि आपण सगळे ते मान्य करतो.

मुळशी तालुका आता केवळ भाताचा राहिलेला नाही. हिंजवडीच्या कंपन्या, पिरंगुटचे कारखाने, भूगाव-भुकूमची बांधकामे, खडीच्या खाणी या सगळ्यांना चाके लागतात. ज्यांच्या नावावर जमीन नाही किंवा असून नसल्यासारखी आहे, अशा आपल्या वस्तीतल्या मुलांना लायसन्स हाच सातबारा झाला. कोणी डंपरवर, कोणी टेम्पोवर, कोणी कंपनीच्या बसवर, कोणी जेसीबी किंवा ट्रॅक्टरवर. त्या एका लायसन्सवर घरची चूल पेटते. म्हणून चालकाची कंबर हा त्याचा एकट्याचा प्रश्न नाही.

आता हे दुखणे होते कसे, ते पाहू. इंजिनाची थरथर आणि रस्त्याचे हादरे सीटमधून सरळ माकडहाडावर आणि तिथून मणक्यात जातात. बसलेल्या माणसाचा मणका सेकंदाला साधारण चार ते आठ वेळा होणाऱ्या वर-खाली कंपनाला सर्वांत जास्त साथ देतो. झोक्याला योग्य वेळी धक्का दिला की तो उंच जातो, तसेच. मोठ्या गाड्यांची बरीचशी कंपने नेमकी याच टप्प्यात येतात. मणक्यांमधल्या गादीला मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. तिचे पोषण आजूबाजूने झिरपून होते. तासन्‌तास बसणे आणि वर सतत हादरे, यांनी ती गादी झिजते आणि पाठीचे स्नायू थकतात. खड्ड्याचा एखादा जोराचा धक्का तर तासाभराच्या थरथरीपेक्षा वाईट ठरू शकतो.

प्रश्न फक्त दुखण्याचाही नाही. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली १५ जणांना खोट्या गाडीत बसवून मंद कंपन दिले. पंधरा मिनिटांतच त्यांच्यावर पेंग येऊ लागली आणि अर्ध्या तासात सावधपणा स्पष्ट घटला. अभ्यास लहान आहे, पण रात्री गाडी चालवणाऱ्या कोणालाही त्याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. ताम्हिणी घाटात, पावसात, धुक्यात चालकाला लागलेली एक डुलकी त्याच्या मागे बसलेल्या सर्वांच्या जिवावर येते.

हे कंपन मोजता येते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? सीटवर चालकाच्या खाली रबराची एक चपटी चकती ठेवतात. तिच्यात पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशा तिन्ही दिशांचे कंपन मोजणारा यंत्राचा तुकडा असतो. मोजण्याची रीत आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिली आहे. युरोपीय संघाने २००२ साली मर्यादाही घातल्या. आठ तासांच्या कामात सरासरी कंपन ०.५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या पुढे गेले की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या पुढे कामगाराला जाऊच द्यायचे नाही. यातले गणित समजून घेण्यासारखे आहे. कंपन दुप्पट झाले तर वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. ०.५ ला आठ तास चालतात, तिथे १ ला दोनच तास.

हे परदेशातच होते असेही नाही. नागपूरच्या राष्ट्रीय खाणकामगार आरोग्य संस्थेने खाणीतल्या डंपरचालकांच्या सीटवर अशी मोजणी केलेली आहे. आणि आपल्या पौड रस्त्यालगत, वेताळ टेकडीवर, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. गाडीचा आवाज आणि कंपन तपासणे हे तिथल्या कामांपैकी एक आहे. नव्या गाडीची थरथर टेकडीवर मोजली जाते आणि तीच गाडी जुनी झाल्यावर टेकडीच्या पायथ्याच्या रस्त्यावरून हाकणाऱ्याची कंबर मात्र कोणी मोजत नाही. आम्हाला खुपते ते हे.

मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस दाखला लागतो. चालकाच्या वैद्यकीय दाखल्यात डोळे, कान, फिट, चक्कर, हातपाय हे विचारतात. पाठीचा मणका विचारत नाहीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मात्र २०१० च्या व्यावसायिक रोगांच्या यादीत कंपनामुळे होणारे स्नायू, हाडे, सांधे आणि नसांचे विकार स्पष्ट नोंदवले आहेत.

काही जण म्हणतील, रस्ते नीट करा, प्रश्न संपला. रस्ते नीट झालेच पाहिजेत. पण खाणीतली वाट, बांधकामावरची वाट आणि भातखाचर यांवर डांबर पडणार नाही. शिवाय खरा हादरा मजुरीच्या पद्धतीत आहे. पैसे खेपेवर मिळतात, म्हणून रिकामा डंपर परतताना सुसाट सुटतो, आणि रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जास्त उसळते. वेग कमी केला तर कंबर वाचते, पण खेप जाते. ही निवड चालकावर सोडणे म्हणजे त्याला पोट आणि पाठ यांतले एक निवडायला लावणे आहे.

कामाच्या तासांना मर्यादा हवी, हा विचार आपल्याला नवा नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनीच १९४६ मध्ये मांडले. पुढे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठीही दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे ठरवले. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी केला होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे काम करणारा चालक तेव्हाही त्याच्या बाहेरच राहिला, आणि आपले बहुतेक चालक तसेच आहेत.

मग आजपासून काय करायचे? सीटचा फोम बसला असेल तर बदला. त्यावर मऊ उश्या रचू नका, त्या दबल्या की धक्का तसाच लागतो. सीटला वजनानुसार जुळवायची कळ असेल तर ती स्वतःच्या वजनाला लावून घ्या. टायरमधली हवा बघा. दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चाला. गाडी थांबताच गोणी किंवा जॅक उचलू नका, पाठीला थोडा वेळ द्या. रोज दुखण्याच्या गोळ्या खाऊ नका, त्या पोट आणि मूत्रपिंड बिघडवतात. दुखणे कमरेतून पायात उतरले, पाय बधीर किंवा लुळा वाटला तर डॉक्टरांना दाखवा. बैठकीच्या जागेला बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

पण एकट्याच्या काळजीने हा प्रश्न सुटणार नाही. आम्ही सुचवतो, पौर्णिमेला विहारात जमतो तेव्हा चालकांनी वेगळे अर्धा तास बसावे. प्रत्येकाने महिनाभर एका वहीत लिहावे : गाडी कोणती, किती तास, किती खेपा, कुठे दुखले, पेंग कधी आली. आपली काही मुले अभियांत्रिकी शिकत आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यांनी आपल्याच काकांच्या डंपरची सीट मोजावी. महाविद्यालयातून यंत्र मिळेल, मार्गदर्शन मिळेल. मोबाईलमध्येही कंपन टिपणारा भाग असतो. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यावर ॲप बनवून खाणीतल्या गाड्यांवर वापरले आहे. त्याने निदान कुठली सीट जास्त त्रास देते हे तरी कळेल. हाताळणारा मात्र दुसरा हवा, चालक नको.

वीस चालकांच्या वह्या आणि त्यासोबत मोजलेले आकडे घेऊन पौडच्या तहसील कचेरीत, प्राथमिक आरोग्य केंद्रात, खाणमालकाच्या दारात जाता येईल. नुसती "कंबर दुखते" ही तक्रार हसण्यावारी नेता येते. आकडा हसण्यावारी नेता येत नाही. दुःखाला कारण असते आणि ते दूर करता येते, हे आपण मानतो. मग पुढच्या वेळी टपरीवर कोणी "काही नाही" म्हणाला, तर त्याला वही द्या आणि किती तास, किती खेपा ते विचारून लिहायला बसवा.