आठ पानांतली नायिका

माळा आवरायला चढलेले माणूस लवकर खाली येत नाही, हे घरोघरच्या गृहिणींना सांगायला नको. आमची नात चकलीचा सोऱ्या शोधायला म्हणून वर गेली, ती पाऊण तास वरच. इकडे भाजणी भिजवून माझे हात अवघडले. शेवटी खालून हाक मारली, तेव्हा सोऱ्याऐवजी एक प्रश्न खाली आला.

"आजी, तुझ्या ह्या सगळ्या बायका रडताहेत का गं?"

प्रश्नामागोमाग सुतळीने बांधलेला एक गठ्ठा आला आणि मी तो लांबूनच ओळखला. सात अमेरिकन कॉमिक्स. ‘यंग लव्ह’, ‘सिक्रेट हार्ट्स’ आणि दोन बिनमुखपृष्ठाची. गिरगावात आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर एक रद्दीवाला होता. कोणा खलाशाने की कोणा मड्डमेने टाकलेली इंग्रजी मासिके त्याच्याकडे येत. इंग्रजी सुधारावे म्हणून आणते, असे मी आईला सांगत असे. आईला इंग्रजी येत नव्हते. पण चित्रे कळायला भाषा लागत नाही, म्हणून त्यांचा मुक्काम गादीखाली असे. साल १९६६, माझे वय पंधरा.

नात चित्रकलेच्या कॉलेजात आहे आणि कॉमिक्स हा तिचा अभ्यासाचा विषय आहे. आमच्या वेळी ज्यासाठी पाठीत धपाटा मिळे, त्याला आता मार्क मिळतात! तिने ते सातही अंक जमिनीवर मांडले आणि मोजदाद सुरू केली. गोष्टी तेवीस. गालावर टपोरा अश्रू असलेल्या नायिका एकोणीस. नोकरी करणाऱ्या नऊ. शेवटच्या चित्रानंतर त्यांतल्या कितीजणींची नोकरी राहिली, हे मात्र मोजता येईना. कारण ते सांगावे असे कोणाला वाटलेच नव्हते.

मला जरा रागच आला. आपण पंधराव्या वर्षी ज्यांच्यासाठी जीव टाकला, त्यांची अशी खानेसुमारी कोणाला आवडेल? आणि आमच्या दिवाळी अंकांवरच्या बायका तरी काय मोठे करीत होत्या? दलालांनी आणि मुळगावकरांनी काढलेल्या त्या देखण्या मुखपृष्ठांवर त्या हातात निरांजन घेऊन मंद हसत उभ्या असत. आमची हसायची, त्यांची रडायची, एवढाच फरक. पण ते मुखपृष्ठ होते. गोष्टीतल्या बाईने गोष्टभर नुसते रडावे, हे निराळे.

या प्रकाराचा जन्म मोठा मजेदार आहे. १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये जो सायमन आणि जॅक कर्बी या दोघांनी ‘यंग रोमान्स’ नावाचे कॉमिक काढले. किंमत दहा सेंट. हेच दोघे युद्धकाळात ढाल घेऊन शत्रूला लोळवणाऱ्या ‘कॅप्टन अमेरिका’चे जनक. युद्ध संपले, वीरांचा खप ओसरू लागला, आणि या दोघांच्या लक्षात आले की मुलींसाठी कोणी काही काढतच नाही. ‘ट्रू स्टोरी’सारखी आत्मकथनांची मासिके अमेरिकेत १९१९ पासून खपत होती; तीच तऱ्हा यांनी चित्रांत आणली. पहिला अंक जवळजवळ सगळा संपला. तिसऱ्या अंकापर्यंत छपाई तिप्पट करावी लागली. दोन-तीन वर्षांत अशा प्रेमकथांच्या कॉमिक्सची संख्या शंभरावर गेली.

यातल्या बहुतेक गोष्टी ‘मी’ म्हणून सांगितलेल्या असत. ‘मी’ म्हणजे कोणी एक मुलगी, चुकलेली, पस्तावलेली. लिहिणारे आणि काढणारे मात्र बहुतेक पुरुष. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला यात नवल वाटायचे कारण नाही. पुरुषाने बाईचे मन ओळखू नये असा काही नियम नाही. आणि बाई असली म्हणजे ओळखतेच, असेही नाही. माझ्या गठ्ठ्यातले अंक डीसी कंपनीचे. तिथे १९५० नंतरच्या काळात झीना ब्रॉडी, रूथ ब्रँट, फिलिस रीड अशा बायकाच या प्रेमकथांच्या संपादक होत्या. तरी अश्रू तेच. तेव्हा नातीचे ‘पुरुषांनी लिहिले म्हणून असे’ हे निदान मला पटले नाही.

माझे निदान गृहिणीचे आहे. भांडे लहान होते. एका अंकात तीन-चार गोष्टी. एकेका गोष्टीला सात-आठ पाने. पहिल्या पानावर मोठे चित्र, त्यात पुढच्या संकटाची चुणूक. मग भेट. मग दुसरी कोणी, किंवा गैरसमज. मग अश्रू. मग कोणीतरी, बहुधा तोच, तिला तिची चूक समजावून सांगतो आणि शेवटच्या चौकटीत मिठी. आठ पानांत बिचारीने बदलायचे तरी कधी? फार तर तिला पश्चात्ताप होतो. आणि पुढच्या अंकात ही मुलगी नसतेच. तिथे दुसरीच असते, जिला पहिलीच्या अनुभवातले काहीच ठाऊक नसते. दर महिन्याला नवी मुलगी, जुनी चूक.

या गर्दीत मला एक आवडायची. मेरी रॉबिन. ‘यंग लव्ह’मध्ये १९६३ पासून तिची खासगी रोजनिशी येत असे. ती नर्स होती. जॉन रोमिटा तिची चित्रे काढत. मेरी प्रेमात पडे, निराश होई, रडेही. पण पुढच्या वेळी पुन्हा तीच येई आणि वॉर्डात कामाला लागे. तिला मागचे आठवत असणार, असे मला वाटे. जिला जायला काम आहे, ती रडली तरी वेळेवर तोंड धुते, एवढे मला पंधराव्या वर्षीही कळत होते.

कळत होते, पण वळले नाही. इथे मला थोडे घरातले सांगावे लागेल.

माझी थोरली बहीण तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि टेलिफोन ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भिंतीएवढा बोर्ड, हातात दोऱ्या. घरी आली की ट्रंक कॉलवरच्या लोकांचे आवाज काढून आम्हांला हसवी. तिला एक स्थळ आले. मुलगा खरोखर चांगला होता. पण घरच्यांची अट होती की नोकरी सोडायची. ताईने आठ दिवस कोणालाच उत्तर दिले नाही. नवव्या रात्री गॅलरीत तिने मला, हो, मला, विचारले, "तुला काय वाटतं गं?"

आईला विचारायची सोय नव्हती, वडिलांना विचारायची पद्धत नव्हती. उरले मी. आणि माझ्या गादीखाली तेवीस गोष्टी होत्या, ज्यांतल्या नऊ मुलींनी हाच प्रश्न मिठी मारून सोडवला होता. मी म्हटले, "ताई, खरं प्रेम मिळत असेल तर नोकरीचं काय घेऊन बसलीस!"

वाक्य माझे नव्हते. कुठल्यातरी फुग्यातले होते. मी फक्त मराठीत आणले.

ताईचा संसार वाईट झाला नाही, हे मुद्दाम सांगते. मेव्हणे देवमाणूस होते. पण कित्येक वर्षांनी, आमच्याकडे टेलिफोन आला तेव्हा, तिने रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

त्या नऊजणींकडे परत येते. नातीने मला एक पुस्तक आणून दिले, त्यामुळे माझे ‘भांडे लहान’ हे निदानही अर्धेच ठरले. १९५४ पूर्वी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन नावाच्या प्रकाशनासाठी डेना डच नावाचे लेखक अशाच गोष्टी लिहीत. पाने तितकीच. चित्रे बहुधा मॅट बेकर यांची. हे कृष्णवर्णी चित्रकार १९५९ साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेले. या गोष्टींतल्या मुली आईबापांशी खोटे बोलतात, जाऊ नये तिथे जातात, भलत्याच मुलावर भाळतात. आणि मग? मग त्यांचे त्यांना कळते. त्या आपल्या पायांनी घरी येतात. कोणी त्यांना समजावत नाही, आभाळ कोसळत नाही, आयुष्याचे मातेरे होत नाही. चूक केली, पाहिली, पुढे गेल्या. जॉन बेन्सन या संपादकांनी २००३ साली या गोष्टींचे पुस्तक काढले, त्याचे नावच मुळी ‘अश्रूंविना प्रेम’ अशा अर्थाचे आहे. वाचताना मला सारखे वाटत होते की रद्दीवाल्याने मला हे अंक का दिले नाहीत!

तो देणार तरी कुठून? १९५४ साली फ्रेड्रिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे पुस्तक लिहिले, अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे चौकशी झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी आपण होऊन नियमावली केली. अंकावर तिचा शिक्का असल्याशिवाय विक्रेते हात लावीनात. प्रेमकथांना नियम असे: घर आणि विवाहाचे पावित्र्य यांवर भर हवा, घटस्फोट थट्टेचा किंवा हवासा दाखवू नये, आईवडिलांचा मान राखावा. बायकांची चित्रे अतिशयोक्ती न करता काढावीत, असाही एक होता. त्याला मी आजही मत देईन. खरे सांगायचे तर आमच्या आईला ही यादी वाचून दाखवली असती, तर तिने गादीखालचे अंक वर ठेवायची परवानगी दिली असती. एकेक नियम वाईट नव्हता. पण ज्या मुलीने चुकायचेच नाही, किंवा चुकली तर लगेच कान धरायचा, तिचे पुढे होणार काय? ती उरली रडायला.

तिचे रडणे एकदा मात्र फार मोठ्या दालनात जाऊन बसले. ‘सिक्रेट हार्ट्स’च्या १९६२ च्या एका अंकात टोनी अब्रुझ्झो यांनी काढलेले एक चित्र आहे: मुलगी पाण्यात बुडते आहे, आणि मागे तिचा मित्र उलटलेल्या होडीला धरून आहे. रॉय लिक्टेनस्टाइन या चित्रकारांनी ते उचलले, मित्र आणि होडी काढून टाकली, आणि नुसती लाटांतली मुलगी राहू दिली. १९६३ चे हे चित्र आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. त्यात ती म्हणते की मदत मागण्यापेक्षा बुडेन. बारा सेंटच्या अंकातली मुलगी निदान पान उलटल्यावर कुठेतरी जात होती; संग्रहालयातली कायमची पाण्यात. नातीने मोबाइलवर हे चित्र ताईला दाखवले. ताईने चष्मा वर करून पाहिले आणि विचारले, "हिला पोहायला कोणी शिकवलं नाही का?"

अमेरिकेतला हा प्रकार पुढे आटला. ‘यंग रोमान्स’ १९७५ मध्ये थांबले, ‘यंग लव्ह’ १९७७ मध्ये. मुली बदलल्या होत्या, टीव्हीवर रोजच्या रोज मालिका होत्या. तेच रडणे फुकटात मिळत होते.

पण त्याच सुमारास जपानात उलटे घडत होते, आणि हे मला नातीमुळेच कळले. रियोको इकेदा या चोवीस वर्षांच्या तरुणीने १९७२ साली ‘मार्गारेट’ या मुलींच्या साप्ताहिकात ‘व्हर्सायचा गुलाब’ ही चित्रकथा सुरू केली. ती १९७३ अखेरपर्यंत चालली. आठ पाने नव्हेत, दीड वर्षाहून अधिक! फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत ही मूळ नायिका. पण वाचक मुलींनी डोक्यावर घेतले ते ऑस्करला. ही ऑस्कर सेनापतीची मुलगी, बापाने मुलासारखी वाढवलेली, राणीच्या पहाऱ्याची अधिकारी. आधी ती राणीच्याच प्रियकरावर मन बसवते. मग हळूहळू तिला पॅरिसमधली भूक दिसते, आपली सरदारकी दिसते, आणि लहानपणापासून सावलीसारखा बरोबर असलेला आंद्रे दिसतो. हे सगळे दिसायला तिला शेकडो पाने लागतात, आणि इकेदाबाई ती देतात. शेवटी १४ जुलै १७८९ रोजी बास्तीयपुढे ती लोकांच्या बाजूने लढताना पडते. आरंभीची ऑस्कर आणि ही, दोघींना शेजारी उभे केले तर त्या एकमेकींशी भांडतील.

तिला मृत्यू आला म्हणून मी रडले. पण ते रडणे माझे होते, तिचे नव्हते.

आता नातीची परीक्षा आहे आणि तिला एक चित्रकथा काढून द्यायची आहे. पाडव्याला ताई आमच्याकडे आली, तेव्हा हिने सरळ विचारले, "मोठी आजी, तुझी गोष्ट काढू?" मी चकल्यांच्या डब्यात तोंड घातले. ताई म्हणाली, "काढ की. पण बोर्ड नीट काढ. आणि अट ऐकल्यावर मी रडले नव्हते बरं का, मला राग आला होता."

इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हते.

तेव्हापासून ताई रोज दुपारी येते. हेडफोन कुठल्या कानाला, दोऱ्या कशा ओढायच्या, सुपरवायझरबाई कशा मागे उभ्या राहत, सगळे हाताने दाखवते. गॅलरीतल्या रात्रीचे पानही झाले. त्यात मी फारच बावळट दिसते, पण तक्रारीला जागा नाही. काल पाहिले तेव्हा नात अकराव्या पानावर होती, आणि ताई अजून चोवीस वर्षांचीच होती.