मिरवणूक सरते, ग्रंथ उरतो

बेळगावची शिवजयंती हा साऱ्या मराठी मुलखात कौतुकाचा विषय आहे. वैशाखात परंपरेच्या तिथीस उत्सव होतो, चित्ररथांची मिरवणूक निघते, आणि रात्र उलटून गेली तरी रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली माणसे हलत नाहीत. अफझलखानाची भेट, आग्र्याहून सुटका, पावनखिंड, राज्याभिषेक हे प्रसंग गल्लोगल्लीचे कार्यकर्ते पदरमोड करून, रात्री जागवून उभे करतात. या उत्साहाचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु दुसऱ्या दिवशी रथ सोडले जातात, रंगवलेले पडदे गुंडाळले जातात, आणि बापाच्या खांद्यावर बसून तो देखावा पाहिलेल्या मुलाच्या हाती काय उरते, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे मांडू इच्छितो.

ज्या घरात इतिहासाचे एकही पुस्तक नाही, त्या घरात काही उरत नाही, हे त्याचे सरळ उत्तर आहे. मुलाला तलवार आठवते, पण जमिनीची मोजणी करून सारा ठरविणारा, रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये अशी आपल्या लष्कराला ताकीद देणारा राजा त्याला भेटत नाही. घोषणा पाठ होते. घोषणेमागचा माणूस अनोळखी राहतो.

आमच्या भागातील मुलाची अडचण आणखी निराळी आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत तो शिकतो, पण पाठ्यपुस्तके कर्नाटक शासनाच्या अभ्यासक्रमाची वापरतो. त्यांतून त्याला चालुक्य, राष्ट्रकूट, विजयनगर यांची ओळख होते. ती व्हावयासच हवी. हा त्याच्याही भूमीचा इतिहास आहे. परंतु १९७० पासून महाराष्ट्रात मुलांच्या कित्येक पिढ्यांनी चौथीत जो ‘शिवछत्रपती’ अभ्यासला, तो याच्या दप्तरात कधी आला नाही. जो इतिहास घरात बोलला जातो तो शाळेत सविस्तर वाचावयास मिळत नाही, आणि जो शाळेत वाचला जातो त्याविषयी घरात कोणी बोलत नाही. या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत आज काय शिरते आहे? भ्रमणध्वनीवर येणारी, कर्त्याचे नाव नसलेली, पुराव्याशी ज्यांचे काही देणेघेणे नाही अशी चित्रे आणि अर्ध्या मिनिटाची भाषणे! पोरांनी त्यांनाच इतिहास मानले, तर दोष पोरांना देता येणार नाही.

खरा इतिहास किती कष्टाने हाती येतो, हे मुलांना कळले पाहिजे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करीत हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवर कसर लागलेली दप्तरे धुंडाळत राहिले, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड एकामागून एक त्यांनी समाजापुढे ठेवले. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते याच ध्यासातून. वा. सी. बेंद्रे यांचे उदाहरण तर प्रत्येक शाळेत सांगण्याजोगे आहे. शिवाजीमहाराजांचे म्हणून जे चित्र सर्वत्र छापले जात होते ते भलत्याच माणसाचे आहे, हे त्यांनी दाखवून दिले आणि अस्सल चित्र उजेडात आणले. पुढे १९६० साली त्यांचा संभाजीमहाराजांवरील चरित्रग्रंथ प्रसिद्ध झाला. तोवर बखरींनी आणि नाटकांनी त्या राजाला व्यसनी आणि उच्छृंखल ठरविले होते. बेंद्र्यांनी कागदोपत्री पुरावे मांडून तो कलंक पुसला. टाळ्या घेणाऱ्या नाटकांनी केलेला अन्याय अखेर एका ग्रंथाने दूर केला, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

म्हणून आमची सूचना अशी आहे: सीमाभागातील प्रत्येक मराठी शाळेत इतिहासाच्या पुस्तकांचे एक कपाट उभे राहावे, आणि ते लोकांच्या वर्गणीतून उभे राहावे.

पैसा कोठून आणावयाचा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या पूर्वजांनी देऊन ठेवले आहे. अंताजी दामोदर काळे या सामान्य स्थितीतल्या गृहस्थाने माणशी एक पैसा मागत गावेच्या गावे पालथी घातली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पोर्तुगीजांच्या अमलातील पणजीत घरोघरच्या मूठमूठ तांदळावर मराठी शिक्षणाचे काम उभे राहिले. मुष्टिफंड हे नावच त्याची साक्ष आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांनीही अशाच मुठींवर गरिबांची पोरे जगविली. बडोद्यास सयाजीरावमहाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि १९१० नंतर ग्रंथांच्या फिरत्या पेट्या खेड्यापाड्यांत पाठविल्या. आमच्या पाठीशी राजा नाही हे खरे. पण पैसा फंडाच्या पाठीशी तरी कोणता राजा होता? आणि बेळगावने ग्रंथांपुढे हात आखडता घ्यावा, हे या नगरास शोभणारे नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली त्याच १८४८ साली या गावात सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले होते.

हिशेब अगदी साधा आहे. दोनशे घरांच्या गावात घरटी दरमहा १० रुपये जमले, तर वर्षाला २४,००० रुपये होतात. पुस्तकाची सरासरी किंमत २०० रुपये धरली तरी १२० पुस्तके येतात. शिवाय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथ, महात्मा फुले समग्र वाङ्मय, बाबासाहेबांचे खंड, नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके ही अल्प किमतीत मिळतात. तेव्हा तेवढ्याच पैशात अधिक येईल. उत्सव मंडळांना आमची विनंती वेगळी आहे. शिवजयंती आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीतील शंभरामागे पाच रुपये त्यांनी ग्रंथांसाठी बाजूला काढावेत. रथावरचे चार दिवे कमी लागल्याने महाराजांचे तेज उणे होणार नाही.

कपाटात काय असावे? शिवचरित्र अर्थातच अग्रभागी. त्याबरोबर १९०२ साली नोकऱ्यांत मागासवर्गांस राखीव जागा देणाऱ्या शाहूमहाराजांचे चरित्र असावे, फुले दांपत्याचे असावे, आणि १९२५ साली निपाणीच्या परिषदेत येऊन बोललेल्या डॉ. आंबेडकरांचेही असावे. आपल्या मातीचा इतिहास तर हवाच हवा. खानापूर तालुक्यातील हलशी ही एकेकाळी कदंबांची राजधानी होती, देगावचे कमलनारायण मंदिर त्याच कुळाच्या काळातले, हे तेथील किती मुलांना ठाऊक आहे? १८२४ साली इंग्रजांशी झुंजलेली कित्तूरची राणी चन्नम्मा आणि नंदगड येथे फासावर गेलेला संगोळी रायण्णा हे कन्नड भाषकांइतकेच आमचेही आहेत. टिळकांनी १९१६ साली होमरूलचा पुकारा बेळगावातून केला, आणि महात्माजी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते १९२४ साली याच गावी भरले. ज्या रस्त्याने मूल रोज शाळेत जाते त्या रस्त्याचा इतिहास त्याला कळला, की पानिपत आणि रायगडही त्याला दूरचे वाटत नाहीत.

इतिहासाच्या वाचनाने द्वेष वाढतो, असा एक आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. आमचे मत नेमके उलट आहे. द्वेष वाढतो तो ऐकीव इतिहासाने. ज्याने शिवकालाचे साधार वर्णन वाचले आहे, त्याला महाराजांच्या पदरचे मुसलमान सरदारही ठाऊक होतात आणि शत्रूला मिळालेले मराठे सरदारही. असा मुलगा कोणाच्या चिथावणीला सहजासहजी बळी पडत नाही. आणखी एक आक्षेप पालकांचा असतो. इंग्रजीच्या आणि गुणांच्या या शर्यतीत अवांतर वाचनाला वेळ कोठे आहे, असे ते विचारतात. त्यांना आमचे इतकेच सांगणे आहे की, मातृभाषेत जो मनापासून वाचू लागला तो इतर भाषांतही मागे पडत नाही. आणि वाचनाची गोडी लागण्यास इतिहासासारखे दुसरे साधन नाही.

मात्र लोकांचा पैसा घ्यावयाचा तर शिस्त कडक हवी. प्रत्येक गावात शिक्षक, पालक आणि वाचनालयाचा एक प्रतिनिधी अशी छोटी समिती असावी. छापील आणि क्रमांक घातलेल्या पावतीवाचून कोणी एक रुपयाही घेऊ नये व देऊ नये. बँकेतील खाते दोघांच्या सहीने चालावे. पुस्तकांची निवड शिक्षकांनी करावी; देणगीदाराने आपल्या पसंतीचे पुस्तक लादू नये आणि कपाटावर आपले नाव कोरण्याचा आग्रह धरू नये. मुलांवर वर्गणीची सक्ती कदापि होता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कपाटाला कुलूप असले तरी किल्ली हरवलेली नसावी! पुस्तक पंधरा दिवसांसाठी मुलाच्या घरी जावे. ते फाटले तर चिकटवावे, हरवले तर दुसरे आणावे. दहा वर्षे कोरे राहिलेले पुस्तक हा शाळेचा भूषणालंकार नव्हे, अपमान आहे. जमा आणि खर्च यांचे आकडे गावोगावच्या समित्यांनी आमच्याकडे पाठवावेत. ते याच पत्रात आम्ही दरमहा विनामूल्य छापू.

आमच्या वाडवडिलांनी भाषेसाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगले. त्यांच्या नातवंडांना त्या भाषेतला एक चांगला ग्रंथ हाती मिळू नये, हा त्यांच्या त्यागाचा उपहास ठरेल. हे काम कोणत्याही सरकारच्या परवानगीसाठी अडलेले नाही, कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहणारे नाही. ते आपल्या खिशाचे आणि आपल्या मनाचे काम आहे. येत्या वैशाखात चित्ररथ निघतील तेव्हा प्रत्येक मंडळाने आपल्या गल्लीतील शाळेस पुस्तकांचा पहिला संच त्याच दिवशी सकाळी द्यावा. त्या रात्री रथ पाहावयास उभ्या राहिलेल्या मुलाला समोरच्या प्रसंगात पुढे काय झाले हे कोणी सांगावे लागणार नाही. तेच तो आपल्या बापाला सांगेल.