कात्री कुणाच्या हाती?

वस्तीत बायकांसाठी काही काम सुरू करायचे म्हटले की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणते, "ताई, आधी शिवणक्लास काढा." देणगीदाराला ते पटते, सरकारी योजनेत ते बसते आणि घरातल्या पुरुषांचाही विरोध होत नाही. मशीन घरात राहते, बाई घरात राहते, वर चार पैसे येतात. कुणाचेच काही बिघडत नाही, म्हणूनच शिवणक्लासला एवढी सर्वमान्यता आहे, असे मला वाटते. एम.एस.डब्ल्यू. करताना 'उत्पन्नवाढीचे कार्यक्रम' हे शब्द आम्ही कितीदा तरी लिहिले. पण त्या उत्पन्नाचा दर कोण ठरवते, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही.

मैत्रिणींनो, शिवणक्लासला नावे ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. शिवणाच्या आधारावर नवऱ्याचे घर सोडून स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या बायका आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे. आपण बायकांना शिवायला शिकवतो की दुसऱ्याने कापलेले जोडायला शिकवतो?

तीन महिन्यांच्या नेहमीच्या क्लासमध्ये सरळ शिलाई, हातशिलाई, काज-बटण, फॉल-पिको होते. ब्लाउजचे कटिंग शेवटी येते, तेही वहीत उतरवून घेतलेल्या सूत्रावरून. छातीच्या मापाचा चौथा भाग, त्यात इतके इंच मिळवा, मुंढा इतका, माया इतकी. हे सूत्र असेच का, ते कुणी सांगत नाही. मग पाठीत वाकलेली आजी किंवा स्तनाची शस्त्रक्रिया झालेली बाई ब्लाउज शिवायला आली की सूत्र चालत नाही आणि शिकलेली बाई म्हणते, "मला नाही जमणार."

बाजारातली श्रमविभागणीही हीच आहे. लहानमोठ्या कपड्यांच्या कारखान्यांत कटिंगच्या टेबलाशी 'मास्तर' असतो आणि तो बहुधा पुरुषच असतो. धागे कापणे, बटणे लावणे, घड्या घालणे बायकांकडे असते. मागावरही तेच. २०१९-२० च्या हातमाग गणनेप्रमाणे देशात या धंद्यात सुमारे ३५ लाख कामगार आहेत आणि त्यांत ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. तरी 'विणकर' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. कांड्या भरणारी, सूत उकलणारी, ताणा लावायला मदत करणारी बाई 'घरकामातून वेळ मिळेल तसा हात लावते' असे समजले जाते.

म्हणून आमच्या गटात आम्ही गेल्या काही वर्षांत क्लासऐवजी छोट्या कार्यशाळा घेऊन पाहिल्या. पाच दिवस, रोज दुपारचे तीन तास, सोबत पाळणाघर. पहिले दोन दिवस मशीनला हात लावायचा नाही. जुनी चादर आणि टाचण्या घेऊन एकमेकींच्या अंगावर कापड बसवायचे, जिथे सैल पडते तिथे चिमटीत धरायचे, खडूने खूण करायची. मग ती चादर उलगडून जमिनीवर पसरायची. वहीतला टक्स म्हणजे आपण धरलेली चिमूट, हे डोळ्यांनी दिसते. कापड उरेब कापले की ताणले जाते आणि सरळ कापले की जाते तिथेच थांबते, हेही हातानेच कळते.

या कार्यशाळेत घंटागाडीवर काम करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांना कामावर मिळालेला कोट त्यांनी बरोबर आणला. तो उघडच पुरुषाच्या मापाचा होता. खांदा दंडावर उतरलेला, बाही बोटांवर येणारी, खिसा इतका खाली की वाकल्यावर त्यातले सगळे बाहेर पडावे. इतकी वर्षे त्या म्हणत होत्या, "मला कोट नीट बसत नाही, मी बुटकी ना!" त्या दिवशी कोट उसवून जमिनीवर मांडल्यावर त्या म्हणाल्या, "हा माझ्यासाठी कापलाच नव्हता." त्यांनी खांदा आत घेतला, बाही कमी केली, उरलेल्या कापडाचा छातीजवळ बटणाचा खिसा केला. नंतर त्यांच्या सोबतिणी तसाच कोट मागू लागल्या आणि बायकांच्या मापाचे कोट द्यावेत असा अर्ज त्यांनी मिळून केला. त्या अर्जाला अजून उत्तर आलेले नाही. पण माझ्या दृष्टीने वस्त्रकला शिकणे ते हेच. दोष आपल्या शरीरात नाही, कापणाऱ्याच्या हिशेबात आहे, हे कळणे.

रंगाचेही तसेच. बायका हळद, डाळिंबाच्या साली, कांद्याची टरफले घेऊन येतात. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे त्यांना आधीच ठाऊक असते. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात आणि मग तुरटीत बुडवले तर डाळिंबाचा पिवळा टिकतो. गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात मुरवून केलेले लोखंडाचे पाणी लावले की तोच पिवळा काळपट होतो. हे सारे त्या आपल्या हाताने करून पाहतात आणि वहीत लिहून ठेवतात. गोधडी शिवणाऱ्या बाईकडे रंगसंगतीची जाण असतेच. तिला आजवर कुणी 'डिझाइन' म्हटले नाही, एवढेच.

याबाबत कच्छचा अनुभव आपण समजून घेण्यासारखा आहे. तिथे 'कला रक्षा' संस्थेने २००५ मध्ये कारागिरांसाठी विद्यालय सुरू केले. त्याच धर्तीवर २०१४ मध्ये आदिपूरला 'सोमैया कला विद्या' उभी राहिली. कला रक्षाच्या विद्यालयात भरतकाम शिकवत नव्हते, ते बायकांना येतच होते. रंग, रचना, बाजारपेठ, मांडणी हे विषय वर्षभरात विभागलेल्या दोन-दोन आठवड्यांच्या सहा सत्रांत शिकवले जात. स्त्रियांचे वर्ग पुरुषांपेक्षा वेगळे होते. याच कच्छमध्ये १९९५ साली ढेबरिया रबारी समाजाच्या पंचांनी स्वतःच्या वापरासाठी भरतकाम करायला बंदी घातली होती. हुंड्यासाठी लागणारे भरतकाम पुरे होईपर्यंत मुलीची पाठवणी वर्षानुवर्षे लांबत असे, हे त्याचे कारण. म्हणजे भरायचे बायकांनी, किती भरायचे ते ठरवले रूढीने आणि थांबायचे कधी ते ठरवले पंचांनी! बायकांनी मात्र तयार लेस, फिती आणि मशीनची शिलाई वापरून स्वतःची नवी नक्षी घडवली. निर्णय हिरावला तरी कल्पकता थांबली नाही. त्या कल्पकतेला दाम आणि नाव मिळावे, हा आपला आग्रह हवा.

दामाचा हिशेब कार्यशाळेच्या शेवटच्या दिवशी होतो. समजा, एका पिशवीला कापड-दोऱ्याचे ६० रुपये लागले आणि तीन तास गेले. व्यापारी ९० रुपये देतो. म्हणजे तासाचे १० रुपये. त्यातून विजेचे बिल आणि मशीनचे तेल जायचेच आहे. फळ्यावर हा आकडा लिहिला की सगळ्या गप्प होतात आणि मग एकदम बोलू लागतात. घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावे, असे सांगणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ मध्ये संमत झाला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. फळ्यावरच्या त्या १० रुपयांपासून ही चर्चा सुरू केली तर कराराचा कागद बायकांना परका वाटत नाही.

आपल्यातल्या काहीजणी म्हणतात, बायकांना आज पैसे हवेत, कला-डिझाइन ही सुखवस्तू बायकांची हौस. मला हे पटत नाही. नुसती शिलाई येणाऱ्या बाया पुष्कळ आहेत, म्हणून तर त्यांचा दर पाडता येतो. कापता येणारी, स्वतः नमुना काढणारी बाई भाव सांगू शकते. अडचण वेळेची आहे, हे मात्र खरे. सरकारच्या २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे, रोज ५०० रुपये विद्यावेतन आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. पण मूळ प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे. एवढ्यात हात बसत नाही. शिकण्याच्या काळात बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची ही कल्पना मात्र योग्य आहे आणि ती आपणही उचलावी.

सध्या आमच्या गटापुढे मशीन-वाटपाचा एक प्रस्ताव आहे. मशीन जरूर घेऊ या. पण प्रत्येक मशीनमागे कटिंगचे टेबल आणि चांगली कात्री मागू या. प्रशिक्षण वर्षभरात टप्प्याटप्प्याने आणि वस्तीतच व्हावे, पाळणाघर असावे, बुडालेली मजुरी मिळावी. तयार मालावर करणारणीचे नाव यावे, आणि किंमत ठरवण्याच्या बैठकीत ती स्वतः बसावी. देणगीदार एवढे देणार नसेल, तर कमी मशीन घेऊन हे करावे, असे माझे मत आहे. तुमच्या गटांत काय अनुभव आहेत? मतभेद असतील तर तेही लिहा. पुढच्या अंकात यावर मोकळेपणाने बोलू या.