दिसते तसे नसते

दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ रोजी जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा धबधबा दाखवायचा तर कॅमेरा घेऊन धबधब्यापर्यंत जावे लागे. 'लिरिल' साबणाच्या १९७५ सालच्या गाजलेल्या जाहिरातपटासाठी तेच करण्यात आले. कोडाईकनालच्या डोंगरातील तो प्रपात पुढे त्या साबणाच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. आज असा प्रपात संगणकावर हुबेहूब निर्माण करता येतो. त्यामुळे प्रत्यक्ष घडवून चित्रित केलेले दृश्य तेवढे प्रामाणिक आणि संगणकाने रचलेले दृश्य फसवे, अशी समजूत रूढ होऊ पाहत आहे. ती तपासून घेणे अगत्याचे आहे.

२००९ च्या आयपीएल स्पर्धेच्या वेळी व्होडाफोन कंपनीच्या जाहिरातींतील 'झूझू' ही पांढरीशुभ्र, मोठ्या डोक्यांची पात्रे घरोघरी पोहोचली. ती संगणकावर काढलेली असावीत, असे अनेकांनी गृहीत धरले होते. वस्तुतः अंगभर पांढरा पोशाख आणि भलामोठा मुखवटा चढविलेले ते हाडामांसाचे कलावंत होते. दिग्दर्शक प्रकाश वर्मा यांनी त्यांचे चित्रीकरण केपटाऊन येथे केले. पात्रे चिमुकली दिसावीत म्हणून भोवतालच्या वस्तू मोठ्या आकाराच्या बनविल्या आणि चित्रीकरणाचा वेग बदलून हालचालींना व्यंगचित्राचा बाज आणला. प्रेक्षक चकले खरे, पण कोणाचे नुकसान झाले नाही. दिवाळीच्या पहाटे आपण गोमंतकीय नरकासुर जाळतो, तेव्हा त्याच्या पोटात गवत आहे हे ठाऊक असूनही पोरेबाळे भितात आणि त्या भिण्यातही त्यांना आनंद मिळतो. कल्पनेला एवढी मुभा हवीच.

आता संगणकाचा मागमूसही नसलेल्या काळातील एक प्रकरण पाहा. अमेरिकेत 'रॅपिड शेव्ह' या दाढीच्या क्रीमच्या जाहिरातीत, सुताराच्या सँडपेपरला फेस लावताच वस्तऱ्याच्या एका फटक्यात तो साफ होताना दाखविला जाई. प्रत्यक्षात तो सँडपेपर नव्हताच; पारदर्शक प्लास्टिकच्या तक्त्यावर वाळू पसरलेली होती. खरा सँडपेपर तसा भादरायचा तर सुमारे ८० मिनिटे भिजवावा लागे! १९६५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूक ठरविली. स्टुडिओतील दिव्यांच्या उष्णतेत आइस्क्रीम वितळते, म्हणून त्याच्या जागी कुस्करलेला बटाटा ठेवण्याचाही विचार त्या निकालात आहे. बटाटा केवळ देखाव्यापुरता असेल तर हरकत नाही. त्याच बटाट्याचा पोत आणि रंग दाखवून आइस्क्रीमचे गोडवे गायिले तर मात्र ती लबाडी होय, असा त्याचा आशय.

हीच कसोटी आम्हांस आजही योग्य वाटते. देखावा हातांनी उभारला की संगणकाने, हा प्रश्न गौण आहे. उलट संगणकाचे काही उपकारही मानले पाहिजेत. वाघ वा हत्ती पडद्यावर हवा म्हणून मुक्या जनावरास दिव्यांच्या झोतात उभे करण्याची गरज त्याने संपविली आहे. परंतु कपड्यावरचा डाग क्षणार्धात नाहीसा होतो, काळवंडलेली त्वचा उजळते, तुटके केस दोरखंडाप्रमाणे बळकट होतात, अशी दृश्ये जेव्हा मालाच्या गुणाचा दाखला म्हणून पुढे केली जातात, तेव्हा ती कल्पनाविलास राहत नाहीत. गृहिणी ती पाहूनच महिन्याच्या खर्चातले पैसे मोजते.

फसव्या जाहिरातींना आळा घालणारी नियमावली केंद्र सरकारने २०२२ मध्ये जारी केली. मालाची उपयुक्तता फुगवून सांगू नये आणि ज्या भाषेत दावा, त्याच भाषेत स्पष्ट खुलासा असावा, असे ती सांगते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये पहिल्या गुन्ह्यास १० लाख आणि पुढील प्रत्येक गुन्ह्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे मराठीत गुणगान करणाऱ्या जाहिरातीला पडद्याच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत अंग चोरता येणार नाही. या तरतुदींची अंमलबजावणी कठोरपणे झाली पाहिजे आणि तशी तक्रार करण्याचा कंटाळा ग्राहकांनीही सोडला पाहिजे.

मालाचा गुण दाखवायचा असेल तेथे खरा मालच दाखविला जावा. तसे नसेल तर चित्र रचलेले आहे, हे त्याच क्षणी ठळक अक्षरांत सांगितले जावे. जाहिरातदारांनी बाकी हवे तेवढे इंद्रजाल खुशाल उभे करावे. ग्राहकाच्या खिशातून जाणारा पैसा खराखुरा असतो. त्याला दाखविलेला पुरावाही तितकाच खरा असला पाहिजे.