आमच्याकडे दिवाळी असते का?

दिवाळी अंकातले सदर म्हणजे दिवाळीवरच लिहायचे, हा संकेत मोडण्याची माझी छाती नाही. पण मी पडले ख्रिस्ती घरातली. तेव्हा वाचक म्हणतील, की बाई, तुम्ही दिवाळीबद्दल आम्हांला काय सांगणार? बरोबर आहे. हाच प्रश्न माझ्या तिन्ही मुलांनी मला आळीपाळीने विचारून झाला आहे. ‘आई, आपल्याकडे दिवाळी असते का?’ थोरल्याने तो पहिलीत असताना विचारला, मधल्याने बालवाडीतच विचारला, आणि धाकट्याने तर विचारण्यापूर्वीच शेजारून आणलेला कानोला अर्धा फस्त केला होता. कानोला म्हणजे तुमची पुण्या-मुंबईची करंजी.

आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यात. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. पूर्वी हा सारा एकच चांदा जिल्हा होता, २६ ऑगस्ट १९८२ ला त्याचे दोन झाले. माझे सासर नदीच्या अलीकडे आणि माहेर पलीकडे वडशाला, त्यामुळे माझ्या संसाराची विभागणी सरकारने नकाशावरही करून ठेवली आहे. मी सरकारी आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. गावात ख्रिस्ती घर आमचे एकच. चंद्रपूरला मात्र आमची मंडळी जुनी. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीचे मिशन एकोणिसाव्या शतकात तिथे आले. १९७० साली उत्तर भारत मंडळी स्थापन झाली, तेव्हा आम्ही तीत सामील झालो. बल्लारपूरच्या बाजूला केरळातल्या सिरो-मलबार पंथाच्या फादरांचे काम १९६२ पासून आहे. पण आम्ही सारे मिळूनही या जंगलात मूठभरच.

आश्विन-कार्तिकातले आमचे दिवस कसे जातात ते आधी सांगते, म्हणजे पुढचे नीट कळेल. पाऊस परततो, मामा तलाव काठोकाठ भरलेले असतात आणि बाजारात शिंगाडे आणि सीताफळे येतात. हलके धान कापणीला येते, भारी धान अजून उभे असते. उभ्या धानात रानडुकरे शिरतात, आणि डुकरांच्या मागे कधी कधी वाघही येतो. ताडोबा आमच्यापासून काही फार लांब नाही. म्हणून दिवे लागायच्या आत तिन्ही पोरे अंगणात दिसली पाहिजेत, हा आमच्या घरचा कायदा आहे. त्यात पावसाळा सरता सरता हिवतापाची साथ. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे, आणि डासाला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते. लोकांच्या घरी फराळाचे घाणे तळले जात असतात, तेव्हा मी कोणाच्या तरी बोटाला सुई टोचून रक्त तपासत असते. घरी परतल्यावर मच्छरदाणीचे चारही कोपरे खोचलेले आहेत की नाहीत, ते पाहिल्याशिवाय माझा पाय घरात ठरत नाही.

आमचा स्वतःचा सण याच दिवसांत येतो, तो सुगीचा. चर्चमध्ये प्रत्येक घराने आपापल्या शेतापरसातले काही आणायचे, उपासना झाली की त्याचा लिलाव करायचा आणि पैसे मंडळीच्या कामाला द्यायचे. आम्हांला शेत नाही, पण शेजारचे काका ओंजळभर धानाच्या लोंब्या आठवणीने देतात. एच.एम.टी. तांदळाच्या असतात. हे वाण आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात निवड करकरून तयार केले, हे मी मुलांना दर वर्षी सांगते आणि मुले दर वर्षी ‘माहीत आहे, आई’ म्हणतात. परसातला लाल भोपळा धाकटा पोटाशी धरून नेतो. एका वर्षी लिलावात तो दुसऱ्याने घेतला तेव्हा त्याने असा काही सूर लावला, की घेणाऱ्या गृहस्थांनी भोपळा त्यालाच बक्षीस दिला. तेव्हापासून देवाला दिलेले परत मिळते, अशी त्याची पक्की समजूत आहे.

आता फराळाचे. दिवाळीत आमच्याकडे चार घरांतून ताटे येतात. रिकामे ताट परत करायचे नाही, ही रीत सगळ्या महाराष्ट्राची, तशी ती आमचीही. मी त्यात साखर किंवा दोन सीताफळे घालून पाठवते आणि नाताळात आमच्या घरून केक आणि नानकटाईची ताटे जातात. हे इतके सरळ चालते, की यात कधी काही अवघड होते असे मुलांना वाटतही नाही. पण अवघड होते. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडले. मधली वर्षे त्या बाईंनी सोवळ्याओवळ्याशी कशी झुंज दिली, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. तेव्हा प्रश्न होता, कोणी कोणाच्या हातचे खायचे हा. आमच्या गावात आज तो राहिला नाही, ही लहान गोष्ट नव्हे.

आमच्या बाजूनेही प्रश्न आहेच. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचे ख्रिस्ती माणसाने खावे का, यावर पौलाने करिंथकरांना लिहिले त्याला दोन हजार वर्षे होत आली. पहिल्या पत्राचे आठवे आणि दहावे, हे दोन अध्याय त्यात खर्ची पडले आहेत. सार असे, की जेवायला बोलावले तर पुढे येईल ते खा, उगाच चौकशा करीत बसू नका. पण तुमच्या खाण्याने कोणा दुबळ्या मनाचा गोंधळ होत असेल तर आवरा. यातले पहिले वाक्य घेऊन चालणारी घरे आमच्यात आहेत आणि दुसरे घेऊन चालणारीही आहेत. मी मुलांना इतकेच सांगते, की पूजेला आपण बसत नाही, कारण आपली प्रार्थना वेगळी आहे. पण शेजाऱ्याचा आनंद ताटातून आला तर त्याला नाही म्हणायचे नाही. थोरल्याला हे पटते. मधला विचारतो, ‘मग फटाके कोणत्या अध्यायात येतात?’

इतके दिवस हे सगळे मला शेजारधर्माचे प्रश्न वाटत. २०२४ सालच्या दिवाळीत त्यातला एक फार जवळ आला.

त्या वर्षी पाडवा २ नोव्हेंबरला आला. आता २ नोव्हेंबर हा आमच्यात मृतांच्या स्मरणाचा दिवस. फ्रान्समधल्या क्लुनी मठाच्या ओदिलो नावाच्या मठाधिपतीने हजार वर्षांपूर्वी तो आपल्या मठांत सुरू केला, तिथून तो पसरला. त्या संध्याकाळी आमचे लोक दफनभूमीत जातात, कबरी झाडतात, झेंडू-शेवंती वाहतात आणि मेणबत्त्या लावतात. ही तारीख सूर्याच्या पंचांगाची, ती हलत नाही. पाडवा चंद्राचा, बारा चांद्रमासांचे दिवस होतात ३५४, म्हणून तो वर्षाला सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि अधिक महिन्याने पुन्हा पुढे येतो. २०२५ साली तो २२ ऑक्टोबरला होऊनही गेला. थोरल्याने हा हिशेब वहीत मांडला आणि चंद्र-सूर्याचे गणित साधारण एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळते हे कळल्यावर म्हणाला, ‘म्हणजे पुन्हा असे होईल तेव्हा मी तीस वर्षांचा!’

मुलांचे बाबा एप्रिल २०२१ मध्ये करोनाने गेले. दफनाला आम्ही चार माणसे होतो. थोरला तेव्हा सात वर्षांचा होता, मधला साडेचार आणि धाकटा दीड. धाकट्याला बाबा आठवत नाहीत. त्याचे बाबा म्हणजे एक फोटो आणि चंद्रपूरच्या दफनभूमीतला एक दगड.

पाडव्याला आमच्या झाडीत गायगोधन असते. गायी धुऊन त्यांची शिंगे रंगवायची, गळ्यात झेंडूच्या माळा घालायच्या, सुपातून खिचडी चारायची, आणि गोवारी मंडळी ढाल घेऊन वाजतगाजत निघतात. सकाळीच कुंपणावरून शेजारच्या काकूंची हाक आली, ‘सिस्टर, पोट्टे कुठं रायले? गायी निगाल्या ना!’ पोट्टे केव्हाच पसार झाले होते. दुपारची एस.टी. गाठायची होती, म्हणून मी त्यांना शोधायला गेले, तर काकूंच्या ओसरीवर काका पाटावर बसले होते आणि काकू त्यांना ओवाळत होत्या. धाकटा खांबाला टेकून अगदी टक लावून पाहत होता. मला पाहताच काकूंचा हात थबकला. ज्या बाईचा नवरा गेला आहे तिच्यासमोर पाडव्याचे ओवाळणे त्यांना जड झाले असावे. मी म्हटले, ‘थांबू नका, वात विझेल.’ निघताना त्यांनी माझ्या पिशवीत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाच पणत्या ठेवल्या. म्हणाल्या, ‘तुमच्या मेनबत्त्या वाऱ्यानं इजतेत. ह्या नाही इजत.’

मूलहून चंद्रपूरचा रस्ता अजयपूर, चिचपल्ली असा जंगलातून जातो. मुले सारा वेळ खिडकीतून वाघ शोधत होती. वाघ काही दिसला नाही. पोचलो तेव्हा उन्हे उतरली होती. आम्ही कबर झाडली, शेवंती वाहिली आणि मेणबत्त्या लावल्या. वारा होताच. दोनदा विझल्यावर मी पणत्या काढल्या आणि तेल घालून पेटवल्या. पहिली धाकट्याच्या हातात दिली आणि म्हटले, ‘ठेव.’

त्याने ती ठेवली नाही. दोन्ही हातांत धरून त्याने ती दगडासमोर हळूहळू फिरवली. एकदा, दोनदा, तीनदा. सकाळी पाहिले होते तसेच. मग वर पाहून मला विचारले, ‘असेच ना?’

थोरला माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. आई आता रागावते की काय, हे त्याला कळायला हवे होते. आणि मी जे करीन तेच तो पुढे आपला धर्म म्हणून लक्षात ठेवणार, हे मला कळत होते. शेजारच्या कबरीपाशी एक आजी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, ‘बाई, हे आपल्यात चालत नाही. मेलेल्यांना आपण ओवाळत नाही.’ आजींचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. मृतांची पूजा आम्ही करीत नाही. मृतांसाठी प्रार्थना करावी की करू नये, यावरसुद्धा आमच्यात मतभेद आहेत. मी म्हटले, ‘खरे आहे, आजी. पण तो पूजा करीत नाही. बाबांना भेटल्यावर काय करतात ते त्याला आजवर कोणी दाखवलेच नव्हते. आज त्याने पाहिले.’ आणि धाकट्याला म्हटले, ‘असेच. आता खाली ठेव.’ मग आम्ही चौघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. आजी आमेन म्हणायला थांबल्या आणि जाताना त्यांनी आपल्या हातातली एक मेणबत्ती आमच्या पणतीवरून पेटवून घेतली.

रात्री नणंदेकडे मुक्काम केला. अंथरुणात थोरल्याने विचारले, ‘आई, मग ते चालते?’ मी सांगितले, ‘बाबा देवापाशी आहेत, हे आपण मानतो. त्यांच्याकडे काही मागायचे नाही, मागायचे ते देवापाशी. पण आठवण करायला, प्रेम दाखवायला बंदी नाही. आणि पाच वर्षांच्या मुलाला जेवढे येते तेवढेच तो दाखवणार.’ तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मला बाबांचा आवाज आठवतो. त्याला तोही नाही.’ दुसऱ्या दिवसापासून थोरल्याने एक नवे काम अंगावर घेतले. झोपताना तो धाकट्याला बाबांची एक गोष्ट सांगतो. बाबा सायकलवर कसे बसवीत, शिंगाडे कसे सोलून देत, अशा. काही गोष्टी खऱ्या आहेत, काही त्याने जोडलेल्या आहेत. मी कोठे दुरुस्ती करीत नाही.

तो दुसरा दिवस रविवार होता आणि भाऊबीजही. सकाळी उपासना करून संध्याकाळी गावी परतलो, तो काकूंची मुलगी ताट घेऊन दारातच उभी. माझ्या तिन्ही पोरांना बहीण नाही, ही उणीव तिने परस्पर भरून काढली आहे. तिघांनी टोप्या घातल्या, रांगेत बसले, आणि ओवाळणीत मधल्याने तिला स्वतःची दोन रंगांची पेन्सिल दिली, तीही टोक करून. मग पुढच्या दिवसांत मंडया सुरू झाल्या. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. वडसा तर त्या नाटक मंडळींचे माहेरच, आणि माझेही. थोरल्याने रात्रभर जागायची परवानगी मागितली. मी दिली. पहिला अंक संपण्यापूर्वीच तो माझ्या खांद्यावर झोपला होता आणि पहाटे घरी आल्यावर त्याने भावांना तिन्ही अंकांची गोष्ट सविस्तर सांगितली.

तेव्हा वाचकहो, आमच्याकडे दिवाळी असते का, याचे उत्तर आता मी मुलांना असे देते: शेजारी असते, आणि आपण शेजारीच राहतो. दिवाळीला तुमच्याही गल्लीत एखादे घर असे असेल, जिथे कंदील लागत नाही. तिकडे ताट जरूर पाठवा. नाताळात ते भरून परत येईल, याची हमी मी घेते.