आगर म्हणजे गोदाम नव्हे!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. एका शब्दावरून.

'मिठागर म्हणजे मीठ अधिक आगार, म्हणजे मिठाचं गोदाम', असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. साफ चूक! आगार म्हणजे घर, कोठी. कारागार, शस्त्रागार, ग्रंथागार हे सगळे त्याचेच भाऊबंद. बेस्टचं घाटकोपर आगारही त्यातलंच. तिथे बस उभी राहते, तयार होत नाही.

आगर वेगळं. ते आलं संस्कृत 'आकर' पासून. आकर म्हणजे खाण, उगमाची जागा. प्रकटचं जसं आपण प्रगट करतो, तसंच आकरचं आगर झालं. म्हणून कोकणात नारळी-पोफळीचं आगर असतं, विद्वान माणसाला आपण विद्येचं आगर म्हणतो, आणि खाडीकाठी मिठागर असतं. आगरी हे समाजाचं नावही या आगरावरूनच. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, की मीठ 'पिकतं'. हो, मराठीत मीठ पिकतं! गोदामात काही पिकतं का?

आता म्हणाल, एका कान्याने काय बिघडतं? बिघडतं. गोदाम बंद पडलं की उरते रिकामी जागा. मुलुंड, भांडुप, कांजूरमार्गच्या मिठागरांना हल्ली सर्रास 'पडीक जमीन' म्हणतात ते याच चष्म्यातून. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिथल्या सुमारे २५६ एकरांवर धारावी पुनर्विकासातल्या भाड्याच्या घरांना मंजुरी दिली. घरं हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण ही जागा रिकामी आहे हे मात्र मला सांगू नका. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, तेव्हा हीच सखल जमीन पाणी पोटात घेते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो पाहिलेल्या उपनगरकरांनी तरी 'पडीक' म्हणताना जीभ चावावी.

मिठागरं जातील, मुलुंड पूर्वेला मिठागर रोडची पाटी तेवढी राहील. मग नातवंडं विचारतील, 'इथे मिठाचं गोदाम होतं का?' आणि आपण 'हो' म्हणून मोकळे होऊ!

असो. तुमच्या गावाकडे आगर कशाला म्हणतात? नक्की कळवा.