हिशेबाबाहेरचा श्रोता

इंदूरला कृष्णपुऱ्याच्या पुलावर संध्याकाळी मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर लावून पाहावा. दुकानांतले स्वस्त एलईडी, मोबाइलचे चार्जर आणि ई-रिक्षांची रांग मिळून अशी खरखर उठवतात की पुणे-जळगाव कुठल्या कुठे. दूरची केंद्रे पकडण्याचा छंद, छंदिष्टांच्या भाषेत डीएक्सिंग, शहरात आचके देतो आहे आणि त्याचे खापर आपण सवयीने मोबाइलवर फोडतो.

दिवसा वातावरणाचा एक खालचा थर मीडियम वेव्हच्या लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो, मग लहरी शंभर किलोमीटरहून उंच थरावरून परतून शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. पुणे इथून हवाई अंतराने पाचशेच्या आसपास, जळगाव दोनशेच्या आत. १९५६ला इंदूर मध्य प्रदेशात गेले, पण ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे आणि ९६३वरचे जळगाव यांना ती हद्द कधी जुमानावी लागली नाही.

अडचण असायची ती घरच्या केंद्राची. २२ मे १९५५ला सुरू झालेले, मालवा हाउसचे आकाशवाणी इंदूर ६४८वर २०० किलोवॅटने असे दणकायचे की आजूबाजूची दुबळी केंद्रे दबून जात. उपाय संचातच होता. आत तार गुंडाळलेली फेराइटची काळी कांडी असते. तिचे टोक ज्या केंद्राकडे रोखावे, ते बारीक होते. म्हणून संच टेबलावर तसूतसूने फिरवायचा. इंदूर जरा दबले की मागून दुसरे कुणी बोलू लागे. मग वहीत वेळ, गाणे, निवेदकाचे शब्द टिपायचे आणि केंद्राचे नाव कानी पडेपर्यंत हलायचे नाही. नेमका त्याच क्षणी आवाज खोल जातो, हे ओघाने आलेच! नाव मिळाले तर केंद्राला पत्र, आणि नशीब असेल तर उत्तरादाखल क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोच.

साऱ्या देशाला लांबचे ऐकायला लावले ते मात्र एका मराठी मंत्र्याने. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ला नभोवाणी खात्यात आले, आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले, आणि घरोघरचा काटा शॉर्टवेव्हवरच्या रेडिओ सिलोनकडे वळला. विविध भारती यायला १९५७चा ऑक्टोबर उजाडला. श्रोता दूर जाऊ शकतो, हे सरकारला तेव्हा समजले. तो दुरून येतोही, हे अजून समजायचे आहे.

नागपूरचेच पाहा. १९८८ला राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, १५६६वर, तब्बल हजार किलोवॅटने. युरोपातले छंदिष्ट भारत पकडायला याच जागी काटा आणत. २०१८च्या डिसेंबरात काटकसरीच्या नावाखाली वाहिनी बंद करण्याचा हुकूम निघाला. काटकसर करावी, त्याला कोण नाही म्हणेल? पण विजेचे बिल मांडताना परगावचा, परराज्यातला, परदेशातला श्रोता कुठल्या रकान्यात धरतात? इंदूरच्या मराठी घरांनी पुणे ऐकले. त्यांना ना पुण्याने मोजले, ना इंदूरने.

ॲपवर सगळे मिळते, हे खरे. कार्यक्रमच हवा असेल त्याने ॲपच वापरावे, ते सोपे आणि स्वच्छ आहे. पण गळ टाकून बसणाऱ्याला मासळीबाजाराचा पत्ता सांगून काय उपयोग?

मागणी मोठी नाही. एलईडी आणि चार्जर विकताना त्यांचा रेडिओला होणारा उपद्रव तपासला जावा. आणि एखादा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर कायमचा बंद करायचाच असेल, तर आकाशवाणीने तारीख महिनाभर आधी जाहीर करावी, त्या महिन्यात दूरवरून येणारी पत्रे मोजावीत, आणि तो आकडा बंदीच्या फायलीला जोडावा.